वळणावरची मूठ

चाक चपटं झालं की ते गप्प बसत नाही, गावभर बोभाटा करतं. ठक-ठक, ठक-ठक. गाडी वरच्या वळणावरून उतरायला लागली की तो आवाज रुळांवरून घरंगळत खाली फाटकापर्यंत यायचा. फाटकाच्या घरात फळीवरची भांडी किणकिणायला लागायची. मग फाटकवाली हातातलं काम टाकून, हात पुसत बाहेर यायची आणि फाटक लावायची. तिला घड्याळ बघावं लागत नसे. पण तो आवाज दर खेपेला तिला बोचायचा, कारण चाकाची ती दशा तिच्याच नवऱ्याच्या हातानं झालेली होती.

नवरा ब्रेकवाला. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघायचं, एरवी सगळे त्याला पक्कड म्हणत. हातच तसा होता त्याचा. तळवा फावड्याएवढा, बोटं मुळांसारखी, आणि एकदा धरलं की सुटणं नाही. चेष्टेतसुद्धा कुणी त्याच्या हातात हात द्यायचं नाही. बोटं मोजून परत मिळतील याची खात्री नव्हती.

ही रेल्वे मुळात माणसांसाठी नव्हतीच. डोंगरावर जंगल होतं, खाली नदीकाठी लाकूड कापायची गिरणी होती, आणि मधे हा अरुंद रूळ. रूळ टाकले तेव्हा पक्कडचे वडील, आबा, खांद्यावरून रूळ आणि त्यांच्याखालचे लाकडी स्लीपर वाहत होते. रिकाम्या वाघिणी, म्हणजे मालाचे उघडे डबे, वर जायच्या, ओंडके लादून खाली यायच्या. प्रत्येक वाघिणीवर एक ब्रेकवाला, ओंडक्यांच्या मागं चिमुकल्या फळीवर उभा, पुढ्यात लोखंडी चक्र. इंजिनाची एक शिट्टी झाली की चक्र आवळायचं, दोन झाल्या की सोडायचं. एवढंच काम. पण त्या एका कामात चूक झाली की ओंडके आणि माणसं एकत्रच खाली यायची.

पुढं जंगल विरळ झालं, तोड बंद झाली. गिरणीची करवत एके दिवशी दुपारीच थांबली ती परत सुरू झालीच नाही. ब्रेकवाले जिकडं पोट भरेल तिकडं पांगले. रूळ गंजून जायचे, पण तेवढ्यात वरच्या कचेरीत बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की शहरातल्या लोकांना हवा खायला न्यावं. दोन वाघिणींवर बाकं ठोकली, वर छत टाकलं, पिवळा रंग फासला. झाली सहलीची गाडी. ड्रायव्हर जुनाच राहिला. तो फाटकवालीचा थोरला भाऊ, म्हणजे पक्कडचा मेहुणा. ब्रेकवाल्यांत एकटा पक्कड राहिला.

आणि चाकं चपटी व्हायला लागली.

चूक अशी होती, की ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. ओंडक्यांनी लादलेल्या वाघिणीला जेवढं आवळावं तेवढं थोडंच असतं. पक्कडचा उभा जन्म त्यात गेला. आता त्याच वाघिणीवर बाकं होती, बाकांवर टोप्या घातलेली माणसं होती. त्यांचं वजन ते काय. पण शिट्टी झाली की हात जुन्या हिशेबानंच आवळायचा. चाक जागच्या जागी अडकायचं, आणि अडकलेलं चाक रुळावर घासत, घसरत जायचं. घासलं तिथं चपटं. फिटरनं लेथवर घासून घासून चाकं गोल केली. मग चाकात घासण्याजोगं लोखंडच उरलं नाही. गिरणीमागच्या झुडपांतून जुन्या चाकांच्या जोड्या ओढून आणल्या. त्याही गेल्या.

त्या रविवारी तर कहरच झाला. वळणावर शिट्टी झाली, पक्कडनं चक्र फिरवलं आणि गाडीला असा हिसका बसला, की एका बाईच्या थर्मासमधली कॉफी शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या पँटवर सांडली.

"ओंडके समजलास का रे आम्हाला?" तो माणूस उठून ओरडला.

"ओंडके बरे," पक्कड पुटपुटला. "बसून राहतात."

त्याला वाटलं चाकांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही. नेमकं गेलं.

खाली उतरल्यावर मॅनेजरनं त्याला सगळ्यांसमोर बोलावलं. टोपी काढायला लावली, माफी मागायला लावली. पक्कडनं मागितली. तो पांढऱ्या पँटवाला मानभावीपणानं म्हणाला, "असू दे, असू दे, अडाणी माणूस आहे." पक्कडचे कान लाल झाले. हातातली टोपी त्यानं एवढी पिळली, की नंतर ती डोक्यावर बसेना.

गर्दी पांगल्यावर मॅनेजर त्याला वर्कशॉपमधे घेऊन गेला. फिटर गाडीखाली आडवा झाला होता. जिथं चपटं झालं तिथं चाकावर खडूची रेघ मारून तो बाहेर आला आणि हात पुसायला लागला.

"किती जोड्या उरल्यात?" मॅनेजरनं विचारलं.

"एक. शेवटची. ही गेली की संपलं."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. पण आज तो पक्कडच्या डोळ्यांत बघत नव्हता, पायांकडं बघत होता. "हे बघ, पुढच्या रविवारी वरून साहेब येतायत. गाडीत बसणार, उतरल्यावर चाकं बघणार. चाकं धड राहिली तर गाडी चालू. नाहीतर सहलीला बस लावणार आहेत. रूळ भंगारात जातील."

"आणि फाटक?"

"रूळच नाहीत तर फाटक कसलं?"

फाटक नाही तर फाटकाचं घरही नाही, हे पक्कडला कुणी सांगायची गरज नव्हती. बाहेर पडला तेव्हा एक अनोळखी माणूस रुळावर बूट आपटून बघत होता. बैल घ्यायला आलेल्यानं पाठीवर थाप मारावी तसा. भंगारवाला होता.

घरी सगळे जेवायला बसले. आबा भिंतीला टेकून बसले होते. पक्कडनं पाण्याचा पेला धरला तर पेल्याचा पत्रा दबला. बायकोनं तो पाहिला, दबलेला पेला उचलून बाजूला ठेवला आणि दुसरा दिला.

"लोखंड कच्चं आहे चाकांचं," पक्कड म्हणाला.

"सगळ्याच चाकांचं?"

"मग काय माझा हात कच्चा आहे?"

"हात पक्का आहे म्हणून तर ही वेळ आली," ती म्हणाली.

आबांनी मान वर केली. "तू त्याला हात सैल सोड म्हणून सांगू नकोस," ते म्हणाले. "एकानं सोडला होता."

बायकोनं ताटं उचलायला घेतली. त्या घरात तो विषय निघाला की जेवण तिथंच संपायचं. आबांचा थोरला मुलगा, पक्कडचा मोठा भाऊ, तोही ब्रेकवाला होता. पावसाळी दिवस, ओल्या ओंडक्यांची गाडी, वरच्या वळणावर त्याचा हात ढिला पडला आणि गाडी सुटली. आबा तेव्हा गँगमन होते, त्याच वळणावर रूळ ठोकत उभे. त्यांच्या डोळ्यांदेखत पोरगा गेला. नंतर धाकटा त्याच्या जागी चढला. त्या दिवसापासून गाडी वळणावर आली की आबा हातातला हातोडा खाली ठेवायचे आणि मूठ वळून वर करायचे. आवळ. तोंडानं ओरडून उपयोग नव्हता, गाडीच्या आवाजात ऐकू गेलं नसतं. पक्कड ती मूठ बघायचा आणि आवळायचा. आबा म्हातारे होऊन फाटकाशेजारच्या बाकावर बसायला लागले, तरी गाडी दिसली की मूठ वर. ड्रायव्हर मेहुणा चेष्टा करायचा, "आबांचा सलाम घेतल्याशिवाय आपलं इंजिनसुद्धा पुढं सरत नाही." पण वळणावर पक्कडला आबा तिथं नसले तरी ती मूठ दिसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं अंगणात पाण्याचे पत्र्याचे डबे मांडले होते. झाकणं लावलेली, वर कडी.

"आबा, तो कडेचा डबा जरा आत ठेवता का?" ती म्हणाली. "माझे हात भरलेत."

आबा उठले. म्हातारे झाले तरी काम सांगितलं की नाही म्हणायचे नाहीत. दोन्ही पाय रोवले, कंबर वाकवली, भरल्या डब्याला लावतात तसा जोर लावला आणि कडी उचलली. डबा रिकामा होता. तो असा भर्रकन वर आला, की आबांच्या हनुवटीवर आदळला आणि आबा मटकन खाली बसले.

"अगं, रिकामा आहे हा," हनुवटी चोळत ते म्हणाले.

"हो का? मग तुम्ही भरल्यासारखा का उचललात?"

आबा तिच्याकडं बघत राहिले. दारात पक्कड उभा होता, तोही बघत राहिला.

"डब्याचा दोष नाही, तुमच्या हाताचाही नाही," ती आता नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही भरली गाडी समजून रिकामीला हात लावताय. माणसं आहेत ती, ओंडके नाहीत."

"सासऱ्याला पाडून अक्कल शिकवते," आबा म्हणाले आणि फुरंगटून बाकावर जाऊन बसले. दुपारपर्यंत तिथून हलले नाहीत. पण मधेच एकदा ते आपला हात उघडून, मिटून, परत उघडून बघत होते, हे पक्कडला दिसलं.

पटलं तरी हातानं ऐकायला पाहिजे ना. आठवडाभर पक्कड आणि मेहुणा जुन्या चाकांच्या गाडीवर सराव करत राहिले. सकाळी धुकं असायचं, रूळ ओले, त्यावर पानं चिकटलेली. मेहुणा इंजिन वर न्यायचा, थोडं उतरवायचा, शिट्टी द्यायचा. पक्कड चक्र धरायचा आणि गाडी किंचाळायची.

"दाजी, परत," मेहुणा खिडकीतून डोकं काढून म्हणायचा.

"माहितीय मला."

"नाही, चाक बिचारं रडतंय म्हणून सांगितलं."

पक्कडनं चक्राला फडकं गुंडाळून बघितलं. फडकं फाटलं. नुसत्या बोटांनी धरून बघितलं, पण बोटांमागून तळवा येऊन बसायचाच. शेवटी त्यानं डावा हात लावायचं ठरवलं. डावा हात अडाणी, त्याला ओंडके ठाऊक नाहीत. उजवा पाठीमागं पट्ट्यात खोचून तो डाव्यानं चक्र फिरवायला लागला, आणि गाडी हळूहळू माणसासारखी वागायला लागली. खांदा भरून आला, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. पण बायको म्हणाली, "आज भांडी कमी वाजली." तेवढ्यानं त्याला दोन घास जास्त गेले.

फक्त वळण जमत नव्हतं. वळणावर शिट्टी झाली की पाठीमागचा उजवा हात आपोआप सुटून यायचा आणि चक्रावर बसायचा. जणू तो दुसऱ्याच कुणाचा हुकूम ऐकत होता.

"काय होतं रे तिथं?" मेहुण्यानं एकदा इंजिनापाशी बसल्या बसल्या विचारलं. यावेळी चेष्टा नव्हती.

"मूठ दिसते," पक्कड म्हणाला.

मेहुण्यानं विडी विझवली आणि तो इंजिनावर चढला.

रविवार उजाडला तो भुरभुर पाऊस घेऊनच. फिटरनं शेवटची जोडी बसवली होती. नव्या रंगाचा वास येत होता. साहेब आले, छत्री मिटून पुढच्या डब्यात बसले. गुडघ्यावर हात ठेवून बसणारा, कमी बोलणारा माणूस होता. मॅनेजर त्यांच्या शेजारी अर्ध्या बाकावर टेकला. सहलीची माणसं चढली, पोरं खिडक्यांसाठी भांडली. आणि गाडी सुटायच्या वेळेला आबा काठी टेकत आले.

"आबा, तुम्ही कुठं?" पक्कड म्हणाला.

"सहलीला. रूळ मी वाहिलेत, बसायला बंदी आहे का मला?"

मॅनेजरनं तोंड उघडलं होतं, पण साहेबांनी सरकून जागा दिली. आबा बसले ते डब्याच्या अगदी टोकाला, ब्रेकच्या फळीकडं तोंड करून. पक्कडपासून हातभर अंतरावर. पक्कडनं उजवा हात पट्ट्यात आणखी खोल खोचला. एरवी मूठ नुसती डोळ्यांपुढं यायची, आज खरीखुरी समोर येऊन बसली होती. त्याला वाटलं, संपलं आपलं.

वर जाताना काही प्रश्न नव्हता. वर लोकांनी ढग बघितले, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर बसून फोटो काढले. आबांनी साहेबांना कुठला बुंधा कुठल्या झाडाचा ते सांगितलं. निम्मं खोटं असावं, पण साहेब ऐकत होते. मग उतरण सुरू झाली.

पहिली शिट्टी. डावा हात, हलका. गाडीनं ऐकलं. दोन शिट्ट्या, सोडलं. पुन्हा एक. पक्कडच्या कपाळावरून पावसाचं पाणी आणि घाम मिळून डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. साहेब बाहेर बघत होते. एक पोरगं आईच्या मांडीवर झोपलं होतं.

वळण आलं. पानांचा लगदा रुळांवर पसरला होता. शिट्टी झाली, आणि पट्ट्यातला उजवा हात निसटून चक्रावर बसला. घट्ट. खालची ठरीव लय एकदम बंद झाली आणि तिच्या जागी एक बारीक चिरकी किंचाळी सुरू झाली. चाक अडकलं होतं. गाडी थांबायच्या ऐवजी घसरायला लागली, ओल्या पानांवरून, साबण लावल्यासारखी. दरीच्या बाजूची झाडं भराभर मागं जायला लागली.

सोडायला पाहिजे, हे पक्कडला कळत होतं. सोडलं की चाक फिरेल, फिरलं की रूळ धरेल. डोक्याला सगळं कळत होतं. पण गाडी सुटत असताना हात सोडायचा? याच जागी? भाऊ असाच गेला होता. हात जास्तच आवळायला लागला. आवळेल तेवढं घसरणं वाढत होतं. तो रडायच्या बेतात आला.

त्यानं वर पाहिलं. आबा त्याच्याकडंच बघत होते. चेहरा पांढरा पडलेला, ओठ घट्ट मिटलेले. हात वर आला. वर्षानुवर्षं यायचा तसाच, कोपरातून ताठ, मूठ वळलेली. पक्कडला वाटलं, झालं.

आणि मग आबांनी मूठ उघडली.

एकेक बोट करून उघडली. पंजा पुरता उघडा होता, पुढं केलेला. आबांचे ओठ हलले. किंचाळीत ऐकू काहीच आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती.

पक्कडचा हात सुटला. चक्र गरकन उलटं फिरलं. एक क्षण गाडी नुसतीच हवेत असल्यासारखी गेली, मग खाली खट् झालं, चाक फिरायला लागलं, रूळ धरून पळायला लागलं. त्यानं डाव्या हातानं, नाही, दोन्ही हातांनी, पण रिकामा डबा उचलावा तसं चक्र पुन्हा थोडं घेतलं. आणखी थोडं. गाडीचा वेग मोडला. वळण मागं गेलं. मांडीवरच्या पोरानं कूस बदलली आणि पुन्हा झोपलं.

"काय झालं हो मघाशी?" मॅनेजरनं मागं वळून विचारलं.

"पानं होती," पक्कड म्हणाला. आवाज नीट निघाला याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

फाटकापाशी बायको हिरवं निशाण घेऊन उभी होती. फाटकामागं एक ट्रॅक्टरवाला तिच्याशी तावातावानं भांडत होता. ती गाडीकडं अशी बघत होती, की जणू गाडीच तिला ओळखता येत नव्हती. पक्कडनं हात केला, तरी तिचं निशाण तसंच राहिलं.

वर्कशॉपमधे फिटर खडू घेऊन गाडीखाली गेला. साहेब छत्री टेकून उभे राहिले, मॅनेजर नखं खात उभा राहिला. फिटर बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो हसत. "वळणावर जरासा ओरखडा पडलाय. दोन फेऱ्यांत पुसला जाईल," तो म्हणाला. "चाक गोल आहे." आणि खडू कानावर खोचला.

साहेबांनीही वाकून पाहिलं. मग आबांना म्हणाले, "बाबा, पुढच्या वेळी मुलांना घेऊन येतो. त्या बुंध्यांच्या गोष्टी तयार ठेवा." मॅनेजरनं पक्कडच्या पाठीवर हात ठेवला, पुष्कळ वेळ ठेवला. भंगारवाल्याचं नाव कुणी काढलं नाही.

घरी आले तर बायको उंबऱ्यात बसलेली. त्यांना बघितल्यावर आधी रडली आणि मग चिडली.

"आवाज का नाही केलात?" ती म्हणाली.

"कसला आवाज?"

"गाडीचा. एवढा वेळ फाटक लावून उभी मी. कान लावून. काहीच ऐकू येईना. भांडी वाजेनात. तो ट्रॅक्टरवाला बोंबलतोय, गाडी येणार आहे की गेली. मला वाटलं, वळणावरच गेली." तिनं डोळे पुसले. "जीव गेला माझा."

"अगं, आवाज आला नाही म्हणजे चाक धड आहे," पक्कड म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. मेहुणा मागून येत होता, तोही हसायला लागला. मग तिलाही हसू आवरेना. रडता रडता हसत ती म्हणाली, "मग आता मी फाटक कशावर लावायचं?"

"शिट्टीवर लाव," आबा म्हणाले. "सगळं जग लावतं."

संध्याकाळी पाऊस थांबला. आबा बाकावर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं बोटं चोळत होते. पक्कड शेजारी जाऊन बसला.

"काय झालं?"

"दुखतायत," आबा म्हणाले. "इतकी वर्षं मिटलेली मूठ. उघडताना दुखली." मग म्हणाले, "तुला समोर बघत होतो आणि दिसत होता तो थोरला. उघडू की नको, उघडू की नको, असं झालं मला."

पक्कड जरा जवळ सरकला. त्यानं आबांचा हात उचलून आपल्या हातात घेतला. ज्या हातात कुणी हात देत नसे, त्या हातात. अंड्याला धरावं तसा त्यानं तो धरला आणि एकेक बोट अंगठ्यानं हळूहळू चोळायला लागला.

आबा डोळे मिटून बसले होते. जरा वेळानं म्हणाले, "अरे, जोर लाव की थोडा. काहीच कळत नाहीये."

पक्कडला असं जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. घरात बायको आणि मेहुणा फळीवरची भांडी नीट लावत होते. पक्कडनं मान खाली घातली, डोळे खांद्याला पुसले आणि थोडासा जोर लावला.